माग, मीटिंग आणि खालची काठी

२०२४ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो आणि बेसा भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझा हातमाग होता. मुलगा म्हणे, विकून टाका. वर्षातून एखादी साडी निघे, तेवढंच. पण आडवं सूत नेणारा बापाचा धोटा हातातून सोडणारा मी नव्हे.

माझी शाळा चौथीपर्यंत. नात मात्र एम.ए.ची. परीक्षेसाठी ती अमेरिकेची घटना मोठ्यानं वाची आणि मी विणता विणता ऐके.

"आबा, त्यायनं राजा हाकलला आन् नव्या सरकारले लिहून बांधलं. जेवढं दिलं तेवढंच तुझं, बाकी लोकायचं. बहुमत झालं तरी माणसाच्या घरादाराले हात लावायचा नाही."

"आन् सरकार आयकते?"

"बांधलेलं सरकार सुटलं म्हणतात काही जण. त्याच्यावरूनच तर भांडून राहिले."

"ज्यायनं लिहिलं, त्यायच्या घरी गडी होते का?"

"गुलाम होते, आबा."

"मंग अर्धंच लिहिलं वं त्यायनं."

त्याच आठवड्यात मागाच्या खडखडीची तक्रार गेली आणि रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. ठराव असा, की माग महिन्याभरात हलवावा. इकडे मागावर उभ्या सुताचा नवा ताणा चढलेला. कापड पुरं झाल्याशिवाय आम्ही विणकर माग हलवत नाही. हलवला की सगळा ताणा वाया. हात वर होऊ लागले तसा मी उभा राहिलो.

"हात वर केल्यानं माह्यं घर तुमचं होते का? एवढी सत्ता तुमाले देली कोणं? अमेरिकेत..."

"काका," अध्यक्ष म्हणाले, "हे बेसा आहे."

लोक हसले. माझे कान तापले. तेवढ्यात माझ्या खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड बाबू उठले.

"तक्रार माझी, ठराव तुमचा! मले इचारलं कोणी? माग नका काढू. मले दुपारची झोप पायजे फक्त."

मी गारच झालो. विणकराला खरा उजेड सकाळचा. पण सकाळी लोकांची पूजा, डबे, शाळा. म्हणून मी मुद्दाम दुपार धरली होती, शेजारधर्म म्हणून.

"मंग मले काहून नाही सांगतलं गा?"

"तुमचा स्वभाव साऱ्या बिल्डिंगले ठाऊक हाय! सकाळीच विणा. माही पूजा झाली की खालून छताले काठी ठोकतो, मंग सुरू करा."

वर गेलेले हात खाली आले. अध्यक्षांनी पेन काढलं. "हे ठरावात लिहू?"

"लिहू नका!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

जिना चढताना, मीटिंगला सोबत आलेली नात म्हणाली, "आयकलं ना शेवटी बिल्डिंगवाल्यायचं?"

"ठरावाचं नाही आयकलं. माणसाचं आयकलं."

किती दिवसांनी त्या रात्री जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागावर बसलो, पाय मागाखालच्या पावडीवर ठेवले आणि थांबलो. खालून पूजेची घंटी वाजली, मग काठीचे दोन ठोके आले. मी धोटा फेकला.