सुलभाताई आणि चिकटलेलं प्लॅटिनम

भट्टीचं तापमान वाढवायचं असलं की सुलभाताई आधी खुर्चीत बसून सावकाश पाणी प्यायच्या. छाणी गावातल्या छोट्या कारखान्यात मी नवी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा वाटलं, बाईंना उकाडा सोसत नसेल. त्या म्हणाल्या, "अगं, अंगात घाई असली की हात नॉब जास्तच फिरवतो. ती आधी गिळायची."

मोठ्या कारखान्यांत वापरून मंदावलेले कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणारे उत्प्रेरक, आमच्याकडे पुन्हा कामाचे करायला येत. सच्छिद्र गोळ्या, त्यांच्यावर प्लॅटिनमचे डोळ्यांना न दिसणारे कण आणि कणांवर धरलेली काजळी. नायट्रोजनमध्ये नावापुरती हवा सोडून ती हळूहळू जाळायची, मग हायड्रोजन देऊन धातू जागा करायचा. हवा जास्त झाली तर काजळी भडकते, कण सरकत सरकत एकमेकांना चिकटतात. "दमट साखरेचा गठ्ठा होतो ना, तसं," ताई सांगायच्या. "प्लॅटिनम तेवढंच, पण काम करायला पृष्ठभागच उरत नाही."

एके दिवशी ताई जेवायला गेल्या होत्या. कारखान्याच्या शेठना पार्टीचा, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा, घाईचा फोन आला आणि काम लवकर उरकावं म्हणून त्यांनी स्वतःच हवेचा व्हॉल्व्ह उघडला. "शेठ, ताईंना येऊ द्या," मी म्हणेपर्यंत भट्टीच्या तापमानाचा आकडा वर पळाला होता. ताई डबा टाकून धावल्या, हवा बंद केली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

कण पुन्हा विखुरावेत म्हणून त्यांनी ऑक्सिजनबरोबर क्लोरीन देऊन पाहिला, पुन्हा हायड्रोजन दिला. गोळ्या स्वच्छ दिसत होत्या. पण चांगला नमुना हायड्रोजन शोषून घेतो, हा घेईना. गोळ्यांची भोकंच उष्णतेनं मिटली होती. ताई नळीशी वाकून पुटपुटत होत्या, "घे ना रे. थोडा तरी घे."

शेठ हात जोडून उभे राहिले. "बहेन, चांगल्या मालात भेळवी दो. कोण जोवानुं छे?"

"कुणी बघो न बघो, हा माल मिसळला तर तिकडचा रिअॅक्टर बंद पडेल, शेठ. माल पास म्हणून माझी सही मिळणार नाही."

तो माल पास होऊन गेला नाही, पण ती पार्टी हातची गेली. तिच्या जिवावरच चाललेला कारखाना दिवाळीआधी बंद पडला.

भट्टीवरच्या घनश्यामभाईंची बायको फतेगंजला ताईंच्या घरी आली, तेव्हा मी तिथेच होते. ती गुजरातीत ओरडली, "तमारी सहीए अमारो चूलो ठारी नाख्यो!" ताईंनी सही अडवली म्हणून आपली चूल विझली, असं तिचं म्हणणं होतं. व्हॉल्व्ह कुणी उघडला, हे ताईंनी सांगितलं नाही. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "मी बरोबर केलं ना गं?"

"हो, ताई."

"मग तिच्या तोंडाकडे का बघवेना?"

घनश्यामभाईंसाठी त्या उन्हातान्हात कारखाने हिंडल्या, त्यांना कामाला लावूनच थांबल्या. त्यांना स्वतःला मात्र कुणी कामावर घेतलं नाही. बाई आडमुठी आहे, हे शेठनी सगळीकडे पोचवलं होतं.

मला दुसरीकडे नोकरी लागली. गेल्या वर्षी तिथेही साहेबांनी एक जळालेली बॅच पास करायला सांगितली. मी नकार दिला आणि बाहेर येऊन ताईंना फोन केला. त्या शाबास म्हणतील, असं वाटलं होतं.

 घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता तुझं कसं होणार गं?"