बिजौलीच्या प्लॉटवरचं खोटं शून्य

भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. सासरी मला ‘नास्तिक भवानी’ म्हणतात. पण झाशीजवळच्या बिजौलीत जे घडलं, त्यावर मला आजही हसता येत नाही... तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही झाशीतलेच जुने मराठी. मी आणि माझा नवरा जमीन मोजायची कामं घेतो. हे काठीवर जीपीएस लावून फिरतात, मी गाडीत टॅबलेट घेऊन बसते; काठी टेकेल तिथले आकडे त्यावर उमटतात.

नकाशाला एक शून्य लागतं, तिथून सगळं मोजायचं. ते प्लॉटच्या कोपऱ्यावर धरलं तर अलीकडचे-पलीकडचे आकडे उणे येतात, आणि उण्याचं एखादं चिन्ह सुटलं की एकाची भिंत दुसऱ्याच्या अंगणात! म्हणून कोपऱ्यालाच सरळ पाचशे-पाचशे द्यायचे. मग हे खोटं शून्य सरकतं पाचशे मीटर पश्चिमेला, पाचशे मीटर दक्षिणेला. तिथे काय आहे ते कोणी बघत नाही. “वहाँ जाना थोड़ी है,” हे यांचं ठरलेलं उत्तर. मीही त्या दिवशी डोळे झाकून पाचशे टाकले.

मे महिन्यातली दुपार. बंद कारखान्यामागचा उजाड प्लॉट. हे कोपऱ्यावरच्या खांबाशी काठी धरून उभे, मला काचेतून स्वच्छ दिसत होते. स्क्रीनवर पाचशे-पाचशे यायला हवं. आलं शून्य-शून्य.

“आता याला काय धाड भरली!” म्हणत मी मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा शून्य. यांनी खांबापासून हात केला, ये इकडे म्हणून. मी दार उघडणार तोच फोन वाजला. यांचाच.

“अगं, गाडी कुठे नेलीस? मैं कब से ढूँढ रहा हूँ.”

“चेष्टा पुरे हं! समोरच तर आहे मी.”

“कुठे? इथे नुसतं गवत आहे... कमरेएवढं. प्लॉटच दिसत नाहीये.”

मी वर पाहिलं. खांबाशी हे उभेच होते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने मला बोलावत होते. कानाला फोन नव्हता.



“थांब, जरा पुढे जाऊन बघतो,” फोनमधून आवाज आला.

“हलू नका! माझी शपथ आहे, एक पाऊल टाकू नका!” मी किंचाळले. आणि का कोण जाणे — दोन्ही पाचशे खोडले, शून्य टाकले. शून्यच कोपऱ्यावर आणलं.

फोन कट झाला. खांबाशी हे मटकन खाली बसले. मी धावत गेले. बुटांना ओला चिखल, पँटला कुसळं... आणि त्या प्लॉटवर गवताची काडी नव्हती हो! आम्ही दोघंही रडलो, त्यात लाज कसली.

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन मी ते जुनं शून्य शोधत गेले. तिथल्या शेताचा राखणदार लांबून ओरडला, “बाई जी, उतै न जइयो! उतै खुलो कुआँ है!” कमरेएवढ्या गवतात कठडा नसलेली विहीर. तिच्या अगदी तोंडाशी, ओल्या मातीत, यांच्या बुटांचे ठसे आणि काठीच्या टोकाचं भोक.

“तुम्ही मला हात का करत होता?” मी यांना विचारलं.

“मी? मैंने तो हाथ किया ही नहीं.”

प्लॉटवाला फोन करतो, “मैडम, आधे नंबर माइनस में क्यों हैं?” मी म्हणते, राहू द्या तसेच. हे आत्ता शेजारी बसून कलिंगड खाताहेत. पण मला बोलावत होता तो कोण, आणि आता कुठे उभा आहे, मला आजही कळलेलं नाही. ते पाचशे मी परत घालणार नाही.