चौथ्या बाटलीतली अठरा पिल्लं

"ही पिल्लं या आठवड्यातली नाहीत!"

"चिठ्ठीवर अक्षर तुझंच आहे ना? मग झालं तर!" एसेनकुलने चहाचा वाडगा न पिताच खाली ठेवला.

"चिठ्ठ्या मी लिहिल्या, पाण्यात तुम्ही उतरलात. माझा गुडघा दुखतो म्हणून पाठवलं, आणि तुम्ही हे दिवे लावलेत?"

बुरुलचाने बाटली खिडकीतल्या उजेडात धरली. बावीस वर्षं दर वसंतात ती या ओढ्यात उतरत आली होती. जाळं धरायचं, त्याच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, आणि एखादाच दिवस जगणाऱ्या माशीची पाण्यातली पिल्लं पांढऱ्या ताटलीत वेचायची. गाव तिला 'किडेवाली एजे', किडेवाली ताई, म्हणून चिडवी. भिंगाखाली ती एकेकाचं कूळ सांगे. निमुळती, मासोळीसारखी ती पोहणारी. ती पुष्कळ सोसतात. पसरट अंगाची, डोक्याच्या माथ्यावर डोळे असलेली ती दगडाला चिकटणारी, चपटी. खाणीचं पाणी लागलं की आधी हीच मरतात. चौथा घाट खाणीच्या सांडपाण्याच्या तळ्याखालचा. तिथल्या बाटलीत चपटीच चपटी होती.

"अठरा मोजली मी. गेल्या साली याच घाटावर अठराच होती."

"असतात एखाद वेळी सारखी. जनगणना आहे का ती?"

"आणि रंग? बाकीच्या तीन बाटल्यांतली बघा, कशी शेवाळी आहेत. ही उकडलेल्या भातासारखी पांढरी. स्पिरिटमध्ये वर्ष काढलंय यांनी. तळघरातली जुनी बाटली आणलीत, चिठ्ठी तेवढी बदललीत."

एसेनकुल उठला. खिडकी लावली, कडी दोनदा चाचपली.

"हळू बोल, बाई."

मग तिच्या लक्षात आलं. चार दिवस हा माणूस घरचा चहा पीत नव्हता. पोट बरं नाही म्हणे, आणि नुसता कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, ढोसत होता. तिने बाटली खाली ठेवली.

"काय पाहिलंत तुम्ही?"

"गुरुवारी खाणीवर पहाऱ्याला होतो. तळ्याच्या बांधाखालून पाणी झिरपत होतं. साहेब म्हणाला, तू काही पाहिलं नाहीस. आपला पोरगा त्याच्याच ट्रकवर आहे, बुरुलचा. घर कुठलं, तेही ठाऊक आहे त्याला."

"खरी बाटली?"

"ओतून दिली. नुसती पोहणारी होती. तीही थोडीच."

तिने स्वतःच्या वाडग्याकडे पाहिलं. तळाशी घोटभर चहा उरला होता. आणि एकदम तिला सून आठवली, सातवा महिना लागलेली.

"आयकानिश पाणी कुठून भरते?"

त्याने दस्तरखानाच्या चादरीवरची पालथी पडलेली रोटी हळूच सुलटी केली. वर पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं तिला, वरच्या घाटावरून आण म्हणून. ती म्हणाली, मामंजी, एवढा चढ आता मला झेपत नाही."

"का ते सांगितलंत?"

"कसं सांगणार?"

अंगणात बादलीची कडी वाजली. आयकानिश कोणाशी तरी हसत बोलत होती, आणि तिचा आवाज ओढ्याच्या वाटेला लागला होता.

"बुरुलचा," एसेनकुलने तिची बाही धरली, "पाण्याच्या तपासणीच्या कागदावर काय लिहिणार आहेस तू?"

तिने बाही सोडवून घेतली आणि दुखरा गुडघा ओढत, अनवाणीच, सुनेच्या मागे बाहेर पडली.