चादरीचा दोरा

स्पिरिटचा वास आला की मला बाबांची ती दुपार आठवते. डिलाईल रोडच्या गिरणीत साच्यावर कापड विणण्यात त्यांची हयात गेली होती. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर त्यांना मोबाईलवर हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या यंत्राचे लांब लोखंडी हात दाखवत होते. "बाबा, छाती पूर्ण उघडायची नाही. छोटी छिद्रं पाडायची, आणि मी बाजूला बसून हे हात चालवणार." बाबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे तुम्ही लांब बसणार? आणि आत टाका सुटला तर?" "तर यंत्रातून मीच बांधणार." "नवे साचे आणले तेव्हा आमचा साहेबपण म्हणालेला, माणसाने नुसतं बघायचं. धागे तुटायचे ते तुटतच राहिले." मी ओशाळून त्यांचा हात दाबला. तो सोडवून त्यांनी चादरीचा दोरा उपसला, तोडला आणि दोन्ही टोकं डॉक्टरांपुढे धरली. "सांधून दाखवा." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी झटक्यात गाठ मारली. बाबांनी ती तीनदा ओढून पाहिली, नखाने चाचपली आणि मगच फॉर्मवर सही केली. आज फाईल माझ्या नावाची आहे. समोरच्या तरुण डॉक्टरबाई तसंच चित्र दाखवतायत, आणि मी टेबलाखाली शर्टाच्या बटणाचा दोरा उपसतोय.