सरोजवहिनींचा पत्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट ठाऊक नाही – पण सांगते.

आम्ही तेव्हा भोपाळला, बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा कारखान्यात, मी शहरातल्याच एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन. बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेसाठी आमच्याकडे एचआयव्ही असलेल्या लोकांचं रक्त गोळा व्हायचं. नळीवर फक्त नंबर. नंबर कुणाचा, ते एका रजिस्टरमध्ये – आणि रजिस्टर माझ्या ताब्यात.

हा विषाणू सारखं रूप बदलतो. शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, तोवर तो बदललेला असतो. पण अगदी थोड्या लोकांच्या रक्तात, बरीच वर्षं लागण राहिल्यावर, अशा अँटीबॉडी तयार होतात की त्या विषाणूच्या कितीतरी रूपांना अडवतात. अशी माणसं संस्थेला हवी होती. त्यातून पुढे औषध झालं असतं, कदाचित लसही.

सरोजवहिनी आमच्याच लाइनीत राहायच्या. त्यांचा नवरा त्याच आजाराने गेला, त्याच्या जागी कारखान्यात यांना नोकरी लागली. लॅबमध्ये मला बघून त्या दारातच थबकल्या. मग पदर सावरून खुर्चीत बसल्या, हात पुढे केला. "बरं झालं तुम्ही आहात," म्हणाल्या.

त्या वर्षी गणपतीत कॉलनीच्या महाप्रसादासाठी त्या भाजी चिरायला बसल्या होत्या. माझी मुलगी त्यांना खेटून बसलेली. आणि मी – जिला पक्कं माहीत होतं की जेवणातून, स्पर्शातून हे होत नाही – मी शेजारच्या कुलकर्णीकाकूंना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. का? भीती होती? नाही. मला काहीतरी माहीत होतं, जे बाकी कुणाला नव्हतं – ते दाखवायचं होतं. बस्स.

आरतीपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणीतरी वहिनींच्या पुढ्यातली विळी उचलली. "आप आराम करो भाभी, हम कर लेंगे." त्या उठल्या. हात धुतले आणि घरी गेल्या.

दिवाळीच्या आत त्यांनी नोकरी सोडली, भावाकडे देवासला निघाल्या. जाताना लॅबमध्ये आल्या, रजिस्टरमध्ये भावाचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला. "लागलं तर बोलवा." कुणी सांगितलं, हे त्यांना कळलं होतं का? मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी संस्थेतल्या डॉक्टरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. वहिनींच्या नंबरच्या रक्ताने त्यांच्याकडचे विषाणूचे जवळजवळ सगळे प्रकार अडवले होते. आता ताजं रक्त हवं होतं – ती अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी त्यातूनच वेगळ्या काढायच्या. "कसंही करून त्यांना शोधा."

रजिस्टर समोर उघडं होतं. पण वहिनी आल्या असत्या, तर डॉक्टरांनी विचारलंच असतं – गाव का सोडलं? आणि मग?

मी म्हणाले, "पेशंट शहर सोडून गेले, सर. पत्ता नाही."

त्यांनी आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. नंतर ते पान फाडून टाकलं.

अशा अँटीबॉडी पुढे इतरांच्या रक्तात मिळाल्या, त्यांवर काम चालू आहे, असं वाचते. वहिनींच्या रक्तातली कशी होती, किती कामाची होती – ते कुणीच बघितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी देवासला एका लग्नात त्या भेटल्या. गोळ्या चालू होत्या, तब्येत छान. त्यांनीच हाक मारली, शेजारी बसवून घेतलं, मुलीची चौकशी केली. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "माझ्या रक्तात काही मिळालं का हो त्यांना? मी वाट बघत होते. बोलावतील असं वाटायचं."

मी म्हणाले, "नाही वहिनी. काही विशेष निघालं नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचंच थोडी निघतं?"

त्या अजून तिथेच आहेत. देवासची बस दिवसभर असते. मी गेलेले नाही.