शेवटचा सर्ग

ज्या भाषेत आता कुणी भांडतसुद्धा नाही, तिच्यापायी अख्खं आयुष्य घालवणारा माणूस आमच्या पंचवटीत एकच निघाला, आणि तो नेमका माझ्याच रद्दी-भंगाराच्या दुकानामागे राहायला यावा! कॉलेजातून निवृत्त झालेले हे सर एक जुनं लॅटिन महाकाव्य इंग्रजी पद्यात उतरवत होते. "मराठीत का नाही करत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शेठ, त्यातले घोडे मला इंग्रजीतच ऐकू येतात." ओळ म्हणताना ते माझ्या वजनकाट्यावर बोटांनी ठेका धरायचे, काटा हलायचा आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघायचं. एका दुपारी धापा टाकत आले. "शेठ, ढाल दगडावर पडली की आवाज कसा होतो?" मी भंगारातली पितळी परात फरशीवर आपटली. डोळे मिटून म्हणाले, "पुन्हा. हा योद्धा जरा घाबरट वाटतो." चौथ्यांदा आपटली तेव्हा परातीला पोचा आला.

नापसंत कागद ते मलाच घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा शब्द शोधायला यायचे. बांधलेले गठ्ठे सोडून दुकानभर पसरायचे. मी शून्यातून धंदा उभा केलाय. सहन तरी किती करायचं? एकदा ओरडलोच, "सर, यापुढं टाकलेला कागद परत उघडून मिळणार नाही!" दोनच दिवसांनी सकाळी त्यांनी आणखी एक गठ्ठा आणला. मी तो न बघता, रागारागानं, कागदाच्या मिलकडे निघालेल्या ट्रकमध्ये भिरकावला.

संध्याकाळी सर दारात. टाकायचे होते ते कागद हातात तसेच. "शेठ, चुकून शेवटचा सर्ग आला इकडं. पक्की प्रत. दुसरी नाही."

ड्रायव्हरचा फोन लागला तेव्हा माल मिलच्या लगद्याच्या हौदात गेला होता.

तेव्हा त्यांनी भांडायला हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मुकाट खाल्ल्या असत्या. ते नुसते म्हणाले, "जाऊ द्या. तो सर्ग तसा कच्चाच उतरला होता."

तीस वर्षं घासाघीस करतोय मी. घेणारा मालाला नावं ठेवतो, हे रोजचंच. पण स्वतःच्या अस्सल मालाला नावं ठेवणारा धनी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तेही मला बरं वाटावं म्हणून. ती सल अजून मनातून जात नाही.

हल्ली सर रद्दी घालत नाहीत. जाता-येता हात करतात, हवापाण्याचं बोलतात. घरी काही लिहिणं चालू आहे का, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.