रबरी मॅट आणि ढिला दोर

सलग चौथ्या सकाळी अलार्म वाजला आणि सलग चौथ्या सकाळी तो खोटा निघाला. पिंजरा खाणीच्या तोंडाशी उभा होता, दोर ताठ होता, आणि माझं पॅनेल मात्र दोर ढिला झाला म्हणून कोकलत होतं. खाली जायला पिंजऱ्यात उभी राहिलेली माणसं बाहेर आली आणि विड्या काढून बसली. मॅनेजर साहेब ऑफिसातून पायी येताना दिसले.

"तुमचं यंत्र खाण चालवायला आणलं की बंद पाडायला?" त्यांनी विचारलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना आत वळलं की मॅंगनीजची एक लहानशी खाण होती. आता ती बंद आहे. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो आणि स्वतः तयार केलेलं एक उपकरण तिथं ट्रायलला घेऊन गेलो होतो. ट्रायल जमली तर दुसऱ्या शाफ्टची ऑर्डर आम्हालाच मिळणार होती.

खाणीत उतरायला शाफ्ट, म्हणजे सरळ खाली गेलेली विहीर असते. तिच्यात पोलादी दोराला टांगलेला पिंजरा वरखाली होतो. दोर इंजिनघरातल्या मोठ्या ड्रमवर गुंडाळलेला असतो. ड्रम फिरवणाऱ्या ड्रायव्हरला शाफ्ट दिसत नाही. ड्रम किती फिरला यावरून पिंजरा किती खोल गेला हे तो समजतो. गोम इथंच आहे. ड्रमवरून कळतं ते किती दोर सोडला एवढंच. पिंजरा मध्येच अडकला तरी ड्रम फिरत राहतो, आणि सुटलेला दोर पिंजऱ्याच्या टपावर साचत जातो. मग अडकलेला पिंजरा अचानक सुटला, तर तो तेवढा खाली कोसळतो आणि त्या हिसक्यानं दोर तुटू शकतो.

माझ्या उपकरणात दोन सेन्सर होते. ड्रमच्या आसावर कडेनं भोकं पाडलेली एक चकती होती. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला फोटोसेल. किती भोकं पुढे सरकली ते मोजून पॅनेल खोली फुटांत दाखवायचं. दुसरा होता लोड सेल. दोर शाफ्टवरच्या टॉवरमधल्या ज्या पुलीवरून खाली जातो, तिच्या बेअरिंगखाली मी पोलादाचा एक ठोकळा बसवला होता. वजन आलं की पोलाद केसभराहूनही कमी दबतं, आणि त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून दोरावरचं वजन कळतं. पिंजरा तळाला पोचण्याआधीच वजन गेलं, तर दोर ढिला आणि अलार्म. कल्पना माझी, ड्रॉइंग माझं, तारा चिकटवणारे हातही माझेच. पावसाळ्यात त्या गोंदाखाली ओल शिरत होती, ते पापही माझंच.

मी खाणीच्या रेस्ट हाउसमधल्या शेवटच्या खोलीत राहत होतो. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगा होस्टेलला होता. पुण्यातल्या रिकाम्या घरापेक्षा बाहेरगाव बरं म्हणून हे काम मी मागून घेतलं होतं. पण रिकामी खोली सगळीकडे सारखीच असते. मी कॅंटीनमध्ये शिरलो की बाकावरच्या गप्पा थांबत. माझ्या यंत्रामुळे ड्रायव्हरची नोकरी जाणार, असा त्यांचा समज असावा असं मला वाटायचं. मी ते कुणाला विचारलं नाही. डाळ-भात खाऊन उठायचो. कधीकधी दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द बोटांवर मोजता आले असते. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं, हे आता सांगायला हरकत नाही.

ड्रायव्हर होते देवाजी. पन्नाशीचे, शेजारच्याच गावचे. ते चपला दाराबाहेर काढायचे आणि इंजिनाजवळच्या लोखंडी प्लेटवर अनवाणी उभे राहायचे. पहिल्याच दिवशी मी पॅनेलसमोर जाड रबरी मॅट अंथरली, ती त्यांच्या प्लेटवरही आली. शॉक लागू नये म्हणून इलेक्ट्रिक पॅनेलसमोर मॅट हवीच, असा नियम आहे.

"हे इथं काहून टाकता जी?" त्यांनी विचारलं.

मी नियम समजावला.

"मंग मले रस्सी समजत नाई," ते म्हणाले.

मला वाटलं, देवळासारखं अनवाणी उभं राहायची काहीतरी श्रद्धा असेल. मी पुन्हा नियम सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या चौथ्या सकाळी, मॅनेजर साहेब परत गेल्यावर, मी पॅनेलमागचा स्विच फिरवला आणि अलार्म बंद केला. अलार्म चालू असल्याचा पॅनेलवरचा हिरवा दिवा विझला. रविवारी खाण बंद असे. तेव्हा लोड सेल उतरवून, तापवून, पुन्हा सील करायचा आणि अलार्म चालू करायचा, असा माझा हिशेब होता. मध्ये तीनच दिवस होते. मी कुणाला सांगितलं नाही. नामुष्कीची गोष्ट आपणहून कोण सांगतो? कागदावर वजनाची रेघ ओढणारं चार्ट-पेन तेवढं चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची आठ माणसं पिंजऱ्यात चढली. मी मागे स्टुलावर बसलो होतो. पाहतो तो काय, देवाजींनी मॅट दुमडून भिंतीला लावली होती आणि ते प्लेटवर अनवाणी उभे होते. ही फेरी झाली की झापायचं असं मी ठरवलं. घंटी झाली, ड्रम फिरू लागला. लाल आकडे पुढे सरकत होते. ऐंशी. शंभर. एकशे बारा.

देवाजींनी ब्रेक ओढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"रस्सीवर वजन नाई."

मी चार्टकडे पाहिलं. पेन तळाशी लोळत होतं.

देवाजींनी ड्रम उलटा फिरवायला घेतला, अगदी इंच इंच. पेन थरथरत वर चढलं आणि दोर ताठ झाला. शाफ्टच्या तोंडाशी उभ्या माणसानं खाली हाक मारली, खालून ओ आली. पिंजरा ज्या लाकडी पट्ट्यांमधून सरकतो त्यातली एक पट्टी पावसानं फुगली होती आणि पिंजरा तिच्यात पाचरीसारखा बसला होता. हळूहळू तो वर आला. चार्ट आणि आकडे ताडून पाहिले तर फक्त तीन फूट दोर ढिला सुटला होता. आणखी काही सेकंद गेले असते तर तीस फूट झाला असता. आठही जण चालत बाहेर आले. एकानं तंबाखू मागितली.

दुपारी मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. चार्ट पाहून ते खूश होते. अलार्म फक्त इंजिनघरात ऐकू यायचा, त्यामुळे तो वाजला आणि ड्रायव्हर थांबला असं त्यांनी धरून चाललं होतं. मी तसा रिपोर्ट द्यावा, दुसऱ्या शाफ्टची ऑर्डर पक्की समजावी, असं ते म्हणाले. भिंतीला लावलेली मॅट त्यांनी पाहिली होती; ती काढल्याबद्दल देवाजींना मात्र चार्जशीट. देवाजी दाराशी उभे होते, नजर जमिनीवर. मी गप्प बसलो असतो तर ते बोलले नसते, हे मला स्पष्ट कळत होतं. कंपनीत माझी जी काही किंमत होती, ती त्या ऑर्डरवर होती.

"अलार्म वाजला नाही," मी म्हणालो. "तो मी कालच बंद केला होता. प्लेटच्या थरथरीवरून यांना दोर पायांना कळतो. मॅट टाकून मी तेही बंद केलं होतं."

मॅनेजर साहेबांनी चार्टची गुंडाळी केली. मग त्यांनी मला सामान बांधायला सांगितलं. चार्जशीट निघाली नाही. पुण्याहून आमच्या मालकांचा ट्रंक कॉल आला. खरं बोलायची एवढी घाई काय होती, एवढंच त्यांनी विचारलं.

मला एस.टी.वर सोडायला देवाजी फाट्यापर्यंत आले. माझी बॅग त्यांनी सायकलला अडकवली होती. अलार्म बंद ठेवल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली.

"मले मालूम होतं जी," ते म्हणाले. "हिरवा दिवा नोता ना. तुमचा डबा झोपला, मंग मले जागं राहा लागन. म्हून तं मॅट उचलली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगू? तुमी तं कोणाशीच बोलत नाई. कॅंटीनात सारे म्हणत, साहेब मोठा मानूस हाये, आपल्याशी काहून बोलन?"

मी एस.टी.त चढलो. तुमसर येईपर्यंत खिडकीबाहेर भातशेतीच्या बांध्या होत्या, पण मला त्या धड दिसल्या नाहीत.

पुढे तेच उपकरण आम्ही इतर खाणींत बसवलं. त्यात अलार्म बंद करायचा स्विच ठेवला नाही, आणि पॅनेल ड्रायव्हरच्या जागेपासून चार फूट लांब ठेवलं. ते पहिल्याच दिवशी जमलं असतं. या प्रकरणातून मी शिकलो ते इतकंच. सेन्सर बंद ठेवावाच लागला, तर निदान एका माणसाला तसं सांगावं. त्यासाठी आधी त्या माणसाशी बोलत असावं लागतं.